लहान पक्षांना निवडून येणे अवघड का जाते?

दहावीला 'राजकीय पक्ष' हा पाठ शिकवताना मुले हमखास विचारतात, "सर, लहान पक्षांना मते मिळतात, मग जागा का नाही मिळत?"

२०१४ च्या लोकसभा निवडणुकीचे उदाहरण द्या. बहुजन समाज पक्षाला देशभरात दोन कोटींहून अधिक, म्हणजे सुमारे ४ टक्के मते पडली. मतांत तो तिसरा, पण जागा शून्य! अण्णाद्रमुकला त्याहून कमी मते, तरी ३७ जागा. कारण त्याची मते एकट्या तमिळनाडूत एकवटली होती. आपल्याकडे मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मते, तोच विजयी. विखुरलेली मते जागा देत नाहीत.

इतर अडचणीही पाहा :

१. लोकसभेसाठी सर्वसाधारण उमेदवाराची अनामत २५,००० रुपये. पराभूत उमेदवाराला एक षष्ठांशाहून अधिक वैध मते नसतील, तर ती जप्त.

२. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, इतरांना दहा लागतात.

३. मान्यता नसेल तर राखीव चिन्ह नाही. दरवेळी नवे चिन्ह घरोघरी पोचवायचे कसे?

४. "मत वाया जाईल" ही मतदाराची भीती.

वर्गात हे करून बघा. मुलांचे चार गट पाडून आधी गटवार आणि मग सगळ्या वर्गाची एकत्र मते मोजा. दोन्ही निकाल फळ्यावर शेजारी लिहा. यातला न्याय्य कोणता, यावर मुलांनाच बोलू द्या.