स्वरलेखन सॉफ्टवेअरमधील विशेष चिन्हे व जोडबाण

पाश्चात्त्य स्वरलेखनाच्या रूढ चिन्हसंचात नसलेली, रचनाकाराने स्वतः घडवलेली चिन्हे म्हणजे विशेष चिन्हे होत. दोन स्वर किंवा दोन वादनसूचना जोडणाऱ्या बाणास जोडबाण म्हणता येईल. व्हायोलिनचा गज स्वरपट्टीवरून हळूहळू घोडीकडे न्यायचा असल्यास दोन्ही जागांच्या सूचना लिहून त्यांच्यामध्ये असा बाण काढतात. सिबेलियस, डोरिको, म्यूजस्कोर, लिलिपाँड या प्रणालींत त्यासाठी वेगवेगळ्या सोयी आहेत.

विशेष चिन्हे

१९८५ मध्ये अडोबीने सोनाटा हा संगीतचिन्हांचा फॉन्ट आणला. पुढील फॉन्टमध्ये चिन्हांची मांडणी एकसारखी राहिली नाही. त्यामुळे फॉन्ट बदलताच एका चिन्हाच्या जागी भलतेच चिन्ह उमटे. यावर उपाय म्हणून श्टाइनबर्गने २०१३ मध्ये स्मूफल हे मानक व त्यावर आधारित ब्रावुरा हा मुक्त फॉन्ट प्रसिद्ध केला. युनिकोडच्या खासगी वापराच्या क्षेत्रात या मानकाने प्रत्येक चिन्हाला ठरावीक जागा दिली असून फॉन्टकर्त्यांच्या स्वतःच्या चिन्हांसाठी वेगळा भाग राखला आहे. नवे चिन्ह रेखाटण्यापूर्वी ही यादी पाहणे श्रेयस्कर, कारण दुर्मीळ वाटणारी अनेक चिन्हे तीत आधीच आहेत.

जोडबाण

चिन्हाचा आकार ठरलेला असतो, बाणाची लांबी मात्र स्वरांमधील अंतरानुसार बदलते. म्हणून बाण हा चिन्ह म्हणून नव्हे, तर रेषा म्हणून तयार करावा लागतो आणि त्याची दोन्ही टोके स्वरांना किंवा मात्रांना बांधावी लागतात. पानावर नुसताच रेखाटलेला बाण मांडणी बदलली की जागेवरून सरकतो. वादकांच्या स्वतंत्र प्रती काढताना तर तो गळूनही पडतो. ओळ संपल्यामुळे बाण दुभंगला, तर टोक केवळ शेवटच्या तुकड्यावर यावे लागते. भातखंडे स्वरलिपीतील मींडेची कमान संगणकावर आणतानाही हाच प्रश्न येतो, कारण तीही एका स्वरापासून दुसऱ्या स्वरापर्यंत पसरते.

चिन्ह दिसते म्हणून ते ऐकू येईलच असे नाही. ध्वनीवरील परिणाम बहुधा वेगळा नेमून द्यावा लागतो.

हस्तांतरण

म्युझिकएक्सएमएल ३.१ (२०१७) पासून स्मूफलमधील चिन्हे नावानिशी दुसऱ्या प्रणालीत नेता येतात. चित्र म्हणून काढलेल्या आकृतीला अशी ओळख नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये फिनालेचा विकास थांबल्याचे जाहीर झाल्यावर जुन्या संहिता अन्यत्र हलवणाऱ्यांना अशा आकृत्या पुन्हा काढण्याची तयारी ठेवावी लागते.