गोव्याचे वार्तापत्र : खाण थांबली, आता काजूही बेभरवशाचा

डिचोली : महाराष्ट्रातून गोवा दिसतो तो किनाऱ्याचा. दरडोई उत्पन्नात देशात आघाडीवर असलेल्या या चिमुकल्या राज्याला हवामानबदलाची आर्थिक झळ बसेल, हे म्हणून चटकन पटत नाही. पण पेडणे आणि डिचोली तालुक्यांत सरासरीवर घर चालत नाही. डिचोलीतल्या कित्येक चुली खनिजावर पेटत. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लिजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर परत बंद पडल्या. ट्रकमालक कर्जाचे हप्ते डोक्यावर घेऊन घरी बसले. अशा वेळी काजूचे भाट (बाग), पोफळीचे कुळागर आणि नदीकाठचे भात हात देते. हवामान आता घाव घालते आहे ते नेमके या आधारावर. काजूच्या मोहोराला कोरडी हवा लागते. ऐन मोहोरात ढग दाटले, अवकाळी सर आली की मोहोर करपतो, ढेकण्या ही कीड बळावते. मग बी कमी आणि बोंडूही कमी, म्हणजे भट्टीवरचा हुर्राक आणि फेणीसुद्धा कमी. एका झाडाची दोन्ही उत्पन्ने एकदम बुडतात.

यावर पणजीतले ठरलेले उत्तर असे, की राज्याच्या उत्पन्नात शेतीचा वाटा किरकोळ, ती तूट पर्यटन भरून काढील. डिसेंबर २०२२ मध्ये पेडण्यात मोपा विमानतळाचे उद्घाटन झाले, रोजगारही आला, हे खरेच. पण पर्यटन कसे एका फटक्यात थांबते ते २०२० च्या टाळेबंदीने दाखवले. मुख्य कमाई अडली तर घरात काय उरते, यावर स्थैर्य ठरते; वाटा किती, यावर नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शापोराकाठची साळ, इब्रामपूर ही गावे पाण्याखाली गेली, त्याला याच नदीवर वरच्या अंगाला असलेल्या तिळारी धरणाचा विसर्ग कारण, हवामान नव्हे, असे म्हणतात. अर्धे मान्य. पण थोड्या तासांत धो धो कोसळणारा पाऊस वाढत जाणार असेल, तर भरत आलेल्या धरणाला पाणी सोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आणि हे धरण दोडामार्गात, म्हणजे महाराष्ट्रात आहे. पावसाळ्याच्या तोंडावर त्यात किती जागा मोकळी ठेवायची आणि विसर्गाची वर्दी साळला किती तास आधी द्यायची, हे दोन्ही सरकारांनी मे महिन्यातच ठरवून जाहीर करावे. सिंधुदुर्गातल्या वाचकांनी ही मागणी आपल्या आमदारांकडे लावून धरावी. दोडामार्गातले मणेरी गावही याच तिळारी-शापोरा नदीच्या काठी आहे.