बरणी आधी उलटी करून बघा

स्वारगेट हे थांबायचं ठिकाण नाही, असं पुणेकर धरूनच चालतो. एसटीतून उतरायचं, पीएमपी पकडायची, नाहीतर रिक्षावाल्याशी हुज्जत घालायची आणि निघायचं. जेधे चौकातला उड्डाणपूल, शेजारचं नेहरू स्टेडियम आणि गणेश कला क्रीडा मंच, पलीकडे सारसबाग आणि तिच्या डोक्यावर पर्वती. २९ सप्टेंबर २०२४ पासून खाली मेट्रोही आली. तिचं खोदकाम चालू असताना २०१९ मध्ये इथे जमिनीखाली जुना बांधीव बोगदा लागला, तेव्हा सगळ्या शहराला चार दिवस इतिहासाची उबळ आली होती.

या भागातला जुना माल खरं तर जमिनीखाली कमी आणि माळ्यावर जास्त आहे. स्वारगेटच्या उत्तरेला पेठांना सुरुवात होते. तिथला एखादा वाडा बिल्डरकडे गेला की आधी माळा रिकामा होतो. लोणच्याच्या बरण्या, कानतुटके कप, कंदिलाच्या काचा, गोटी सोड्याची एखादी बाटली, आजेसासूबाईंच्या रुखवतातला म्हणून जपलेला आणि कधीच न वापरलेला चहाचा सेट, असं सगळं जिन्यात येऊन पडतं. पितळ किलोवर जातं, त्यामुळे त्याचा भाव सगळ्यांना पाठ असतो. काच आणि चिनी माती यांना मोड नाही. म्हणून ती फुकट जाते किंवा फुटते. ज्याला ओळख पटते तो मात्र ती हसत हसत उचलून नेतो.

ही ओळख पटायची असेल तर स्वारगेटहून मेट्रोनं एकच स्टेशन पुढे मंडईला उतरावं, किंवा सरळ पायी निघावं. बाजीराव रस्त्यालगत, नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. आधी तिथे जा, बाजारात मग.

दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणारे गृहस्थ. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला आणि तो सुटला नाही. पत्नी कमलाबाईंची साथ होती. लहानपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्यांनी संग्रहालयाला दिलं आणि पुढे सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. आज तिथे २० हजारांच्या आसपास वस्तू आहेत, आणि एका वेळी मांडता येतात त्या त्यातल्या थोड्याच. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून इथे तो पुन्हा उभा केला आहे. बहुतेक पाहुणे तिथे फोटो काढतात आणि बाकीची दालनं भरभर उरकतात. हे उलट व्हायला हवं.

केळकरांनी तलवारी-सिंहासनांपेक्षा अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्री, दौती, स्वयंपाकघरातली हत्यारं जास्त जमवली. त्या काळी ही विक्षिप्तपणाची गोष्ट होती. अडकित्ता संग्रहालयात ठेवायचा? पण एका भिंतीवर पन्नास अडकित्ते ओळीनं बघितले की डोळा तयार होतो. कुठला रोजच्या सुपारीचा, कुठला मिरवायचा, कुठल्याची मूठ नंतर बदलली आहे, हे कोणी न सांगता कळायला लागतं. काचेवर उलट्या बाजूनं रंगवलेली चित्रं तर जवळ जाऊन बघावीत. चित्रकार डोळ्यातली बाहुली आधी काढतो आणि चेहऱ्याचा रंग शेवटी भरतो, कारण बघणारा काचेच्या दुसऱ्या बाजूला असणार. चूक झाली तर वरून दुरुस्ती नाही. अशा चित्राचा रंग मागून पोपडे धरू लागला असेल तर घरच्या घरी ओल्या फडक्यानं पुसण्याचा उद्योग अजिबात करू नये. पुसाल तर चित्रच पुसलं जाईल.

आता घरच्या बरणीकडे. वरून तपकिरी, खालून पिवळट-पांढरी, अशी बरणी मराठी घरात सर्वत्र सापडते. तिचा पुढचा भाग बघून काही कळत नाही. उलटी करा. बुडाच्या कडेला झिलई नसते. तिथे उघडी माती दिसते, आणि ती करडी, घट्ट, नखानं न उकरणारी असेल तर बरणी चांगली भाजलेली आहे. जिभेला लावली तर साधी भाजकी माती ओल शोषून चिकटते, ही चिकटत नाही. म्हणूनच वर्षभर मुरलेलं लोणचं तिच्यातून पाझरत नाही. काही बरण्यांचा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खडबडीत लागतो. भट्टी पुरती तापल्यावर आत मीठ टाकायचं, त्याची वाफ मातीतल्या सिलिकाशी संयोग पावून काचेसारखा थर धरते, ही ती जुनी रीत. मग बोटाच्या पेरानं टिचकी मारा. खणखणीत वाजली तर ठीक. बद्द वाजली तर कुठेतरी केसासारखा तडा आहे, दिसत नसला तरी.

बुडावर शिक्का असेल तर निम्मं काम झालं. ग्वाल्हेर पॉटरीज, बेंगॉल पॉटरीज ही नावं भेटतात. गुजरातेत थानगढ-मोरबीच्या पट्ट्यात चिनी मातीचा धंदा रुजवला तो परशुराम गणपुले या मराठी माणसानं, त्यामुळे ‘परशुराम’ हे नाव दिसलं तर बरणी टाकू नका. मुंबईच्या जे. जे. कला शाळेत १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी मातीकाम सुरू केलं. अजिंठ्याच्या आकृत्या आणि वेलबुट्टी काढलेल्या त्या फुलदाण्यांवर ‘बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट’ किंवा ‘वंडरलँड आर्ट पॉटरी’ असं लिहिलेलं सापडतं. परदेशी लिलावांत आपल्याकडच्या मातकामाला खरा भाव मिळतो तो अशा वस्तूंना, लोणच्याच्या बरणीला नव्हे. एखाद्या दुकानदारानं साध्या तपकिरी बरणीला ‘अँटिक’ म्हणून भलती किंमत सांगितली तर नमस्कार करून पुढे जावं. त्या ढिगानं झाल्या आणि ढिगानं उरल्या आहेत.

विलायती कपबश्यांचं वय काढणं त्या मानानं सोपं आहे. चौकटच्या आकाराची बारीक नोंदणी-खूण असेल तर नमुन्याची नोंद १८४२ ते १८८३ मधली. ‘आरडी’ अशी अक्षरं आणि पुढे आकडा असेल तर १८८४ नंतरची. ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ म्हणजे १९१८ च्या आधीची असणंच शक्य नाही, तो देशच तेव्हा जन्मला. ‘ऑक्युपाइड जपान’ लिहिलेली बशी महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या थोड्या वर्षांतली. देशी मालावर पत्ता वाचावा. शहराचं सरकारी नाव पूनाचं पुणे झालं १९७८ मध्ये, आणि सहा आकडी पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. पत्त्यात ‘पूना २’ एवढंच असेल तर वस्तू बहुधा त्याआधीची. ‘बहुधा’ एवढ्यासाठी की जुना साचा वर्षानुवर्षं चालवणारे काटकसरी कारखानदार आपल्याकडे कमी नव्हते. एका खुणेवर विसंबू नये.

काचेची गोष्ट पुण्याच्या दोन्ही अंगांना पसरली आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करत पैसाफंड उभारला, टिळकांनी त्याला पाठबळ दिलं, आणि १९०८ मध्ये तळेगाव दाभाड्याला काचेचा कारखाना निघाला. परदेशी शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काच शिकवायला होते. नफ्यापेक्षा कारागीर घडवणं हा त्या कारखान्याचा खरा हिशोब. दुसरं टोक दक्षिणेला, कराडजवळ. औंध संस्थानच्या आश्रयानं १९१६ मध्ये ओगले बंधूंनी कारखाना काढला आणि माळरानाची ओगलेवाडी झाली. त्यांच्या कंदिलाला वडिलांचं नाव, प्रभाकर. वीज येण्याआधी संध्याकाळी राखेनं काच पुसून प्रभाकर कंदील लावणं हे घरातल्या पोरांचं ठरलेलं काम होतं. आज फार्महाउसच्या ओसरीवर टांगायला नवेकोरे ‘जुने’ कंदील मिळतात, मुद्दाम गंजवलेले. प्रभाकर हे नाव नीट उठलेलं, मूळ काच आणि वातीची चावी जागेवर असलेला कंदील हाती आला तर तो रंगवू नका. रंग दिला की किंमत उतरते.

गोटी सोड्याची बाटली हा स्वतंत्र शौक आहे. इंग्लंडच्या हायरम कॉड यांचं हे १८७० च्या दशकातलं पेटंट. मान चिमटलेली, आत काचेची गोटी, तोंडाशी रबराची चकती. सोड्याचा दाब गोटीला वर ढकलून तोंड बंद करतो. पोरं गोटीसाठी बाटल्या फोडत, त्यामुळे अख्ख्या राहिलेल्या कमी. अंगावर कुठल्या सोडावॉटर कारखान्याचं आणि गावाचं नाव उठवलेलं असेल तर तीच तिची किंमत. कोरी बाटली ती फक्त बाटली. साध्या बाटलीवर साच्याची शिवण बघावी. शिवण ओठावरून पार गेली असेल तर यंत्राची, मानेशीच विरली असेल तर ओठ हातानं घडवलेला, म्हणजे सहसा जुनी. तळाशी खडबडीत वण असेल तर फुंकून केलेली. काचेत बुडबुडे आहेत म्हणून जुनी, हे मात्र दुकानदाराचं आवडतं शास्त्र. फिरोजाबादचा कालचा पेलाही बुडबुडे घेऊन येतो. तीच गत ‘बेल्जियम काच’ या शब्दांची. पुण्यात प्रत्येक झुंबर बेल्जियमचंच असतं. पोपटी झाक असलेल्या वाटीवर नोटा तपासायची जांभळी टॉर्च मारा. गर्द हिरवी उजळली तर काचेत युरेनियम आहे आणि संग्राहक तिच्यासाठी जादा मोजतात.

भाव ठरतो तो वयापेक्षा धडपणावर. टवका उडाला, झाकण हरवलं, सहाच्या सेटमधल्या दोन बश्या गेल्या की किंमत कोसळते. चिकटवलेल्या वस्तूचं तर विचारूच नका. आणि किंमत मिळो न मिळो, रंगीत झिलईच्या जुन्या भांड्यांत लोणचं, चिंचेचा कोळ, ताक ठेवू नका. जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि आंबटात ते उतरतं. कपाटात शोभा म्हणून ठेवा.

कायद्याचंही भान हवं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी कलाकारीची वस्तू पुरावशेष ठरते. ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. अमेरिकेतल्या नातीला आठवण म्हणून पणजीची फुलदाणी बॅगेत घालून देण्याआधी तिचं वय जाणकाराकडून तपासून घ्यावं. विमानतळावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

वस्तूला कागद जोडला की तिची पत वाढते, हे केळकरांच्या संग्रहानं शिकवलं. पण आपल्या घरांत बरणी राहते आणि ती कोणाची होती हे सांगणारं माणूस जातं. म्हणून आजी-आजोबा सांगायला आहेत तोवर विचारून घ्या: कोणी आणली, कुठल्या दुकानातून, कोणाच्या लग्नात. चार ओळींची चिठ्ठी लिहून बरणीतच टाका, आणि बुडाच्या शिक्क्याचा फोटो काढून ठेवा. जुना बाजार मंगळवार पेठेजवळ बुधवारी आणि रविवारी भरतो. विकायला नाही, तुलना करायला तो फोटो घेऊन सकाळी लवकर जा. ओगलेवाडी बघायची असेल तर स्वारगेटवरून कराडची एसटी आहेच.