बांध दाखवावा आपण, रेष ओढील संगणक



तोडीचा हंगाम संपत आला की गावोगाव मोजणीचे बेत सुरू होतात. उभ्या उसात बांध दिसत नाही. रान मोकळे झाले म्हणजे तो दिसतो आणि कुणी किती कोरला तेही उघडे पडते. वरवंड परिसरात आता साखळी ओढीत मोजणीदार येत नाही. तो काठीवर बसविलेले रोव्हर यंत्र घेऊन येतो, बांधाबांधाने चालतो, जागोजाग काठी टेकवून बटण दाबतो आणि थोड्या वेळात निघूनही जातो. मागे आपण म्हणतो, "झाली बुवा मोजणी! यंत्र काय खोटं बोलतंय व्हय?"

यंत्र खोटे बोलत नाही, हे खरे. पण यंत्र बोलते ते केवळ आकडे. त्या आकड्यांची रेष कशी होते हे प्रत्येक सभासदास ठाऊक असावे असे आम्हांस वाटते. कारण बांधावरचे भांडण आकड्यावरून होत नाही, रेषेवरून होते.

मोजणी आपल्या भागाला नवी नाही. शेजारच्या इंदापूर तालुक्यात विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी केलेली जमाबंदी १८३६ साली लागू झाली आणि पुढे तीच पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हा हिशेब आजही आपल्या तोंडी आहे. त्या वेळचा मोजणीदार रानात उभा राहून टिपणात आकृती काढी. कोणता बिंदू कोणत्या बिंदूला जोडायचा हे तो डोळ्यांनी पाहून ठरवी.

आज जोडणी रानात होत नाही, कार्यालयातल्या संगणकावर होते. रोव्हर उपग्रहांकडून आणि राज्यात उभारलेल्या कायमच्या संदर्भ केंद्रांकडून खुणा घेऊन काही सेंटीमीटरच्या आत जागा सांगतो. प्रत्येक टेकणीला एक क्रमांक, जागेचे आकडे, उंची आणि मोजणीदाराने दिलेला एक छोटा शब्द नोंदला जातो. हा शब्द म्हणजे कोड. संगणकाला बांध दिसत नाही, पाट दिसत नाही. त्याला दिसतो फक्त हा कोड. 'बांध' कोडाचे बिंदू तो ओळीने जोडतो आणि रेष तयार होते. 'विहीर' कोड असेल तर रेष न ओढता नुसती खूण मांडतो.

म्हणून जाणता मोजणीदार रानात येण्यापूर्वीच कोडांची यादी करून ठेवतो. तीत एवढ्या गोष्टी ठरवाव्या लागतात :

१) वस्तूचे नाव : बांध, पाट, वाट, कुंपण, नाला.
२) ती रेष आहे की नुसता बिंदू. विहीर, खांब, हद्दीचा दगड हे बिंदू.
३) रेष कशी दिसावी आणि नकाशाच्या कोणत्या थरात जावी. पाण्याचे एका थरात, वाटांचे दुसऱ्या.
४) रेष कुठे सुरू, कुठे संपली, कुठे वळली आणि कुठे मिटली याच्या खुणा. शेततळ्याची रेष जिथून निघाली तिथेच येऊन मिटली पाहिजे.
५) उंचीच्या कामात ती रेष मोडीची धरायची की नाही, म्हणजे तिच्यापाशी जमिनीचा उतार बदलतो की नाही.

यादी चुकली की काय होते, ते ऐका. आमच्या ओळखीच्या एका सभासदाने चिबड रानात निचऱ्याचे पाइप टाकण्यासाठी खाजगी मोजणी करून घेतली. नकाशा हाती आला तेव्हा त्यातली गाडीवाट गोधडीच्या टाक्यासारखी इकडून तिकडे गेलेली! मोजणाऱ्याने हेलपाटा वाचविण्यासाठी वाटेच्या दोन्ही कडा एकाच फेरीत घेतल्या होत्या आणि दोन्हींना कोड दिला होता नुसता 'वाट'. संगणकाने बिचाऱ्याने सांगितले तसे केले. डाव्या कडेला 'वाट १' आणि उजवीला 'वाट २' म्हटले असते तर दोन सरळ रेषा आल्या असत्या. त्याच नकाशात पाटाच्या कडा मोडीच्या रेषा म्हणून दिल्याच नव्हत्या. संगणकाने एका काठाची उंची थेट दुसऱ्या काठाला जोडली आणि कागदावर पाट बुजून गेला. त्या उतारावर पाइप टाकले असते तर पैसा पाण्यात आणि पाणी रानात!

आता याहून नाजूक गोष्ट. वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव पाहा. पाण्याची कड पावसाळ्यात एकीकडे, उन्हाळ्यात दुसरीकडे. तलावाची हद्द मात्र त्याबरोबर सरकत नाही. या दोन रेषा वेगळ्या आणि त्यांचे कोडही वेगळेच हवेत. शेताचेही तसेच आहे. आज जिथे नांगर वळतो ती वहिवाटीची रेष आणि टिपणावरून बसविलेली ती अभिलेखाची रेष. दोन्हींना 'हद्द' असा एकच कोड पडला तर कोणती कोणाची हे कागद सांगू शकत नाही. मग भाऊ भावाला कोर्टाची पायरी दाखवितो.

उसाच्या वाहनांच्या वाटेबद्दलही गैरसमज नको. नकाशात 'वाट' असा कोड पडला म्हणून वाटेचा हक्क मिळत नाही आणि पडला नाही म्हणून असलेला हक्क बुडत नाही. बांधावरून वाट मागण्याचा अर्ज महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ प्रमाणे तहसीलदारांकडे करावयाचा असतो. पण नकाशात वाट जशी आहे तशी उमटली असेल तर चौकशीत बोलणे सोपे जाते.

तेव्हा आमची सभासदांना नम्र सूचना आहे. मोजणीच्या दिवशी घरातले जाणते माणूस बांधावर हजर ठेवा आणि शेजाऱ्यालाही आवर्जून बोलवा. जुने दगड आधी मोकळे करून ठेवा. मोजणीदाराला विचारा : "साहेब, या बिंदूला काय नाव दिलंत? ही वहिवाट की रेकॉर्डची हद्द?" त्यात संकोच कसला? जमीन आपली आहे. आणि नकाशा हाती आल्यावर सही करण्याअगोदर तो घेऊन एकदा रानात फिरा. प्रत्येक रेषेवर उभे राहून पाहा, पायाखाली खरोखर काय आहे.

आजोबांच्या वेळी मोजणीदाराच्या साखळीचे दुसरे टोक गावकऱ्याच्या हातात असे. आज साखळी गेली, पण ते दुसरे टोक सोडायचे की धरायचे, हे अजून आपल्याच हाती आहे.