कॅज्युअल्टीतली सिस्टर मनोरुग्णांकडे वळते तेव्हा

मागच्या वेळी आपण ‘माहीत असणं’ आणि ‘करता येणं’ यांतला फरक पाहत होतो आणि वेळ संपली. व्याख्यान झाल्यावर एक सिस्टर थांबल्या होत्या. सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत चौदा वर्षं काढलेल्या. आता मनोरुग्ण परिचर्येचं पुढचं शिक्षण घ्यायचं त्यांच्या मनात आहे. त्यांनी विचारलं, “सर, एवढी वर्षं शिकले ते सगळं वाया जाणार का?” आम्ही तेव्हा उत्तर टाळलं. आज प्रयत्न करू.

आधी कॅज्युअल्टीत काय चालतं ते पाहू. फवारणीचं औषध प्यायलेला माणूस येतो. श्वास, नाडी, डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, सलाईन लावायचं, ॲट्रोपिन सुरू करायचं, पोलिसांसाठी एमएलसीची नोंद करायची. सगळं मिनिटांत. तो का प्यायला, हा प्रश्न तिथे कुणाच्याच ड्यूटीत बसत नाही. बसायला वेळही नसतो, हे मान्य करू. तो वाचतो, काही दिवसांनी घरी जातो. सिस्टर म्हणाल्या, “एकाला आम्ही दोनदा वाचवलं. तिसऱ्यांदा तो आमच्यापर्यंत पोहोचलाच नाही.”

त्यांचा निर्णय इथून निघालेला आहे. आता तत्त्वज्ञानाकडून थोडी मदत घेऊ.

कार्ल यास्पर्स हे तत्त्वज्ञ म्हणून आपल्याला माहीत आहेत, पण ते मूळचे मनोविकारांचे डॉक्टर. 1913 साली त्यांचा मनोविकृतीवरचा मोठा ग्रंथ आला. त्यात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या: कारण शोधणं आणि समजून घेणं. विषाने नाडी मंद का झाली, याचं कारण शोधता येतं. बायको माहेरी गेल्यावर त्या माणसाला घर कसं वाटत होतं, हे समजून घ्यावं लागतं, आणि त्यासाठी त्याच्या तोंडून ऐकावं लागतं. कॅज्युअल्टी पहिल्या कामात तरबेज करते. मनोरुग्ण विभागात दोन्ही लागतात.

आता ‘वाया जाणार का’ हा प्रश्न. पॅट्रिशिया बेनर या अमेरिकन परिचारिका-अभ्यासकांनी 1984 साली नवशिकी परिचारिका तज्ज्ञ कशी होते यावर पुस्तक लिहिलं. पायऱ्यांची कल्पना त्यांनी ड्रायफस बंधूंकडून घेतली. त्यांतले ह्यूबर्ट ड्रायफस तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, हे आमच्या विषयाच्या अभिमानापोटी सांगतो. बेनर म्हणतात, तज्ज्ञ परिचारिकाही अनोळखी रुग्णांमध्ये गेली की पुन्हा नवशिकी होऊ शकते. म्हणजे सिस्टरांना पहिलं वर्ष जड जाणार. ज्यांचा हात डोळे मिटून शीर शोधतो, त्यांना एका गप्प बसलेल्या मुलीसमोर वीस मिनिटं नुसतं बसायचं आहे. हातांना काम नाही. असं बसणं म्हणजे कामचुकारपणा, असंच कॅज्युअल्टीने शिकवलेलं असतं. ती सवय मोडावी लागते.

पण सगळं मोडू नये. एक उदाहरण देतो. विषबाधेत ॲट्रोपिन जास्त झालं की रुग्ण बडबडतो, चादर चिवडतो, नसलेली माणसं पाहतो. नवखा म्हणेल, वेड लागलं. कॅज्युअल्टीची सिस्टर आधी औषधाचा डोस तपासते. साखर उतरली, ताप डोक्यात गेला, दारू अचानक बंद झाली, तरी माणूस भ्रमात जातो. ‘आधी शरीर तपासा’ हा संशय मनोरुग्ण विभागात सोन्यासारखा आहे. शिवाय चवताळलेल्या नातेवाइकासमोर आवाज खाली ठेवणं! ते तर कुठल्याच वर्गात इतकं पक्कं होत नाही.

हिल्डेगार्ड पेप्लाव यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. 1952 च्या त्यांच्या पुस्तकाने परिचर्या म्हणजे मुळात दोन माणसांमधलं नातं, हे मांडलं. परिचारिकेची पहिली भूमिका त्यांनी सांगितली ती ‘परक्या माणसाची’. आम्हाला ती फार आवडते. मी तुला ओळखत नाही, तू मला ओळखत नाहीस, इथून सुरुवात. ‘आत्महत्येचे विचार येतात का?’ हेही मग सरळ विचारता येतं. विचारल्याने ते डोक्यात भरतात, हा आपल्याकडचा समज अभ्यासांनी खरा ठरवलेला नाही.

शिक्षणाचं थोडक्यात. आपल्याकडे नोंदणीकृत परिचारिकेला मनोरुग्ण परिचर्येची एक वर्षाची पदविका आहे, बी.एस्सी. असेल तर दोन वर्षांची एम.एस्सी. अमेरिकेत याच वाटेने पुढे गेलेली परिचारिका निदान करते, औषधंही लिहून देते. काही राज्यांत डॉक्टरांशी करार न करताही. आपल्याकडे तो अधिकार नाही, आणि अमेरिकेची पुस्तकं वाचताना हा फरक विसरू नये. पण 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात मनोरुग्ण परिचारिकेची मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून नोंदणी आहे. त्याच कायद्याचं कलम 115 म्हणतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असंच धरून चालायचं. तसा प्रयत्न पुन्हा होऊ नये म्हणून उपचार आणि पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलं आहे. कागदावर आहे. दोनदा वाचलेल्या त्या माणसाकडे घरी गेल्यावर कोण गेलं होतं, हे आम्ही सिस्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, “कुणीच नाही. मला तेच काम करायचं आहे.”

आज त्या आलेल्या नाहीत, रात्रपाळी आहे. रेकॉर्डिंग ऐकणार आहेत. आता तुमचे प्रश्न घेऊ.