वर्ध्यात राहून मार्लिनचा नाद

आपल्या धाम नदीचं पाणी वणेतून वर्धेत, पुढे प्राणहिता-गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात जातं. त्याच समुद्रात, अंदमानकडे, काळा मार्लिन आणि सेलफिश हे मासे फिरतात. आणि ते फ्लायवरही, म्हणजे पिसांच्या नकली आमिषावरही, पकडता येतात, मंडळी!

साध्या गळात वजन शिशाचं असतं. इथे पिसांची फ्लाय अगदीच हलकी, म्हणून जाड, वजनदार दोरीच हवेत लांबवर फेकायची आणि फ्लाय तिच्यामागे जाते.

मार्लिनला आधी चिडवावं लागतं. बोटीमागे बिनहुकाचं आमिष ओढतात. मासा चवताळून पाठीशी लागला की इंजिन न्यूट्रलला, आमिष झटकन बोटीत आणि त्याच जागी फ्लाय. डॉ. वेब्स्टर रॉबिन्सन यांनी १९६२ मध्ये पनामाजवळ याच युक्तीने सेलफिश पकडला.

आयजीएफए या आंतरराष्ट्रीय गळमासेमारी संघटनेच्या विक्रमासाठी टिपेट, म्हणजे दोरीपुढचा नाजूक धागा, जास्तीत जास्त २० पौंडांचा (सुमारे ९ किलो) चालतो. त्यावर शंभर किलोचा मासा! जोर लावला की धागा तुटलाच. म्हणून रीलवर शेकडो मीटर जादा दोरी आणि पक्का ब्रेक हवा.

सरावाला समुद्र लागत नाही. मोकळं मैदान, ८ नंबरचा रॉड, हुकाऐवजी लोकरीचा तुकडा. डोळ्यांवर चष्मा मात्र हवाच. कोण कोण येतंय?