ऑनलाइन छळ, नशा आणि स्वभाव : मुले गप्प का राहतात?

स्कारबरो : ऑनलाइन छळ सोसणारी अनेक मुले घरी अवाक्षरही काढत नाहीत. छळामागे दारूचा किंवा गांजाचा प्रसंग असेल, तर हे मौन अधिकच गडद होते.

कॅनडाच्या सांख्यिकी विभागाने २०१९ मध्ये केलेल्या आरोग्य पाहणीत, १२ ते १७ वर्षे वयाच्या दर चार मुलांपैकी एकाने आदल्या वर्षभरात असा छळ सोसल्याचे सांगितले. हा धोका सर्वांना सारखा नसतो. माँट्रियल येथील मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कॉनरॉड यांच्या संशोधनात नशेकडे नेऊ शकणारे चार स्वभावविशेष मांडले आहेत : हताशपणा, चिंतेच्या लक्षणांचीच भीती, उतावळेपणा आणि थराराची ओढ. हताश मूल दुःख विसरण्यासाठी, तर भित्रे मूल मन शांत करण्यासाठी नशेचा आधार घेऊ शकते. उतावळ्या मुलाला परिणामांचे भान उशिरा येते. थरार शोधणाऱ्याला तो अनुभवच हवा असतो.

हेच स्वभाव ऑनलाइन जगातही सोबत येतात. उतावळेपणाने पाठवलेले छायाचित्र किंवा नशेत असताना कोणीतरी टिपलेली चित्रफीत छळाचे हत्यार ठरू शकते. उलट, छळाने खचलेले मूल नशेकडे वळू शकते. दोन्ही गोष्टी एकत्र आढळल्या, म्हणून एक दुसरीचे कारण आहे असे मात्र ठरत नाही.

मौनाचे एक कारण शिक्षेच्या भीतीत आहे. ऑन्टारियोत १९ वर्षांखालील व्यक्तीला दारू वा गांजा विकत घेता येत नाही. प्रांताच्या शिक्षण कायद्यातील कलम ३०६ मध्ये, शाळेतून तात्पुरते निलंबन होऊ शकेल अशा वर्तनांच्या एकाच यादीत छळवणूक, दारू आणि अमली पदार्थ यांचा समावेश आहे. त्यामुळे तक्रार केली तर आपलीच चूक उघडी पडेल, असे पीडित मुलाला वाटते. 'लोक काय म्हणतील' या धास्तीने वाढलेल्या घरांत ही भीती दुणावते.

कायदा पीडिताच्या बाजूनेही आहे. २०१२ पासून ऑन्टारियोच्या कायद्यातील छळाच्या व्याख्येत ऑनलाइन छळाचा स्पष्ट समावेश आहे. खासगी छायाचित्रे संमतीविना पसरवणे हा मार्च २०१५ पासून देशभर फौजदारी गुन्हा असून, त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. छायाचित्रातील व्यक्ती त्या वेळी नशेत होती, म्हणून तो गुन्हा माफ होत नाही.

म्हणूनच पालकांनी दोन विषय वेगळे ठेवावेत. आधी मूल सुरक्षित आहे याची खात्री करावी, संदेशांचे स्क्रीनशॉट जपावेत आणि शाळेशी बोलावे. नशेविषयीचे बोलणे नंतर, शांतपणे करावे. मुलांना स्वतःहून बोलायचे असल्यास 'किड्स हेल्प फोन'ची १-८००-६६८-६८६८ ही विनामूल्य सेवा अहोरात्र उपलब्ध आहे.

स्वभाव हा अपराध नव्हे. तो ओळखला, तर मदत कुठून सुरू करावी हे कळते.